कोलांटी शिकण्याआधी

उन्हाळ्याची सुटी लागली, की गावच्या तालमीत नाहीतर शाळेच्या पटांगणावर मुलांचा वर्ग भरतो. कोलांट्या, हातांवर चालणे, मल्लखांब. पोरे हरखून जातात आणि इकडे आईच्या पोटात गोळा येतो. पाठवू नका, असे आम्ही म्हणणार नाही. आपली मुले एरवीही झाडावर चढतात, विहिरीत सूर मारतात. अंग कसे सांभाळावे हे कोणी नीट शिकवले तर हवेच आहे. मात्र शिकवणारा कसा शिकवतो, हे एकदा जाऊन पाहावे.

पहिल्यांदा मान पाहावी. पुढची कोलांटी घेताना हनुवटी छातीला टेकलेली हवी, भार दोन्ही तळहातांवर हवा आणि जमिनीला खांद्यांची मागची बाजू लागायला हवी. टाळू टेकून मूल गडगडले, तर अंगाचा भार मानेच्या मणक्यांवर येतो. म्हणून जाणता वस्ताद मुलांना आधी गुडघे पोटाशी धरून पाठीवर पाळण्यासारखे झुलायला लावतो. पाठ गोल होऊ लागली, की मग किंचित उतारावरून कोलांटी. मागची कोलांटी याहून अवघड. हात वेळेवर टेकले नाहीत तर मान सापडते. आणि हात न टेकता हवेत घेतलेली उडी सुटीच्या वर्गात नकोच, असे आमचे मत आहे. विहिरीत जमते म्हणून जमिनीवर जमेल, हा पोरांचा हिशेब खोटा. पाणी झेलते, जमीन झेलत नाही.

पडायलाही शिकवावे लागते. तोल गेला की मूल हात ताठ करून टेकते, आणि मनगट नाहीतर कोपर मोडते. हात छातीशी घेऊन कुशीवर लोळणे खेळता खेळता अंगवळणी पडते.

मातीचा हौद रोज खणून भुसभुशीत करावा, खडे-काटे वेचावेत. गाद्या असल्या तर त्यांच्यात फट नको. घरी वैरणीच्या गंजीवर सराव करू देऊ नये. आत विळा किंवा दाताळे राहिलेले असते. शिवाय मऊ जागा मानेला वाचवतेच असे नाही.

मल्लखांब ही तर आपलीच विद्या. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ती पुन्हा उभी केली. खांब सागवानी वा शिसवी, एरंडेल चोळलेला. बुडाशी हलतो का, हे दर सुटीनंतर हलवून पाहावे. भोवती गाद्या हव्यात, आणि नव्या मुलाला हात देणारा माणूस जवळ हवा. ताईत, साखळ्या, बांगड्या घरीच काढून ठेवाव्यात. पाय फाकवण्यासाठी खांदे दाबणारा शिक्षक असेल, तर स्पष्ट नको म्हणावे.

स्नेहसंमेलनासाठी घाईघाईने रचलेल्या मनोऱ्यांचे मात्र आम्हाला भय वाटते. टाळ्या वरच्या चिमुरड्याला मिळतात, आणि पडतेही तेच.

मूल मानेवर पडलेच, तर उचलून बसवू नये, मान चोळू नये, पाणी पाजू नये. आहे तसेच निजू द्यावे, डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे आणि 108 ला फोन करावा.