पावती मागणे बेअदबी नाही

आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालाविरुद्ध २०२३ साली घर खाली करण्याचा निकाल लागला. कारण, थकलेले भाडे. खाला शपथेवर सांगते, दर महिन्याला दीडशे रुपये मालकाच्या हातात ठेवले. मालक शपथेवर सांगतात, चार वर्षे दमडी मिळाली नाही. मालक हाजी आहेत, खाला पंचवक्ता नमाजी. न्यायालयाने नमाजा मोजल्या नाहीत, पावत्या मागितल्या. एकही नव्हती.

मी उर्दू शाळेत शिकवते. वकील नाही. पण कोर्टाचे कागद वाचून दाखवण्याचे काम मोहल्ल्याने माझ्यावर टाकले आहे आणि माझा राग त्यातूनच आला आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात पावती देणे मालकाला सक्तीचे आहे, न दिल्यास दंड आहे. थकबाकीची लेखी नोटीस दिल्यावर ९० दिवस दावा लावता येत नाही. दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, १५ टक्के सरळ व्याज आणि खर्च कोर्टात भरला व पुढचे भाडे भरत राहिले, तर थकबाकीपायी घर जात नाही. ‘हे मी देणे लागत नाही’ असा हक्क राखूनही पैसे भरता येतात. खालाची नोटीस मला पेटीत, जुन्या जुजदानाखाली सापडली. निकालानंतर!

‘अपने बीच में कैसी रसीद?’ हे वाक्य ऐकून माझे कान किटले. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीच्या व्यवहाराची लिखापढी करण्याबद्दल आहे. आमच्या वअजमध्ये ती कितीदा येते? पावती मागितली की बेअदबी, आणि विधवेला रस्त्यावर काढले की तो मालकाचा हक्क. हा कुठला इन्साफ?

निकाल लागताच सगळे म्हणाले, ‘किस्मत है, छोड दो.’ का सोडायचे? अपिलाला ३० दिवस असतात, नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात. बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हे १९८७ च्या विधी सेवा कायद्यात आहे. अपील केले. मग कळले, नुसत्या अपिलाने ताबा थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते आणि तिची किंमत असते. २००४ साली आत्माराम प्रॉपर्टीज खटल्यात दिल्लीच्या कनॉट सर्कसमधल्या जागेचे भाडे ३७१ रुपये ९० पैसे होते. अपील चालेपर्यंत दरमहा १५,००० भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवली. व्यापाऱ्याच्या जागेला ते शोभते. तेच माप शिलाईवर जगणाऱ्या बाईच्या दोन खोल्यांना लावले तर अपिलाचा हक्क कोणाच्या कामाचा? खालाला दरमहा दोन हजारांची अट पडली.

त्याच पेटीत तीन मनीऑर्डरींचे परत आलेले कागदही निघाले. शेरा : घेण्यास नकार. अपिलात नवा पुरावा सहजी घेत नाहीत. आधी का दिला नाही, याचे पटणारे कारण लागते. ‘मुझे क्या मालूम बेटी, वो कागद काम का है’ हे कारण अर्जात कसे लिहायचे, यावर वकीलसाहेब आणि मी एक अख्खी दुपार बसलो.

अर्जावर अजून हुकूम नाही. खाला दोन हजार भरते आणि त्याची पावती संध्याकाळी माझ्याकडे घेऊन येते. तिला मराठी वाचता येत नाही. माझ्याकडून दोनदा वाचून घेते.