अंगठा चोरीला गेला तर बदलणार कसा?

खोटी नोट आम्ही कापडवाले उजेडात धरून ओळखतो. पण गिऱ्हाइकाने पुढे केलेले कार्ड अस्सल की नकली, हे नजरेला कळत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेला सुमारे ९४ कोटींचा फटका बसला. त्यातली मोठी रक्कम नकली कार्डांनी देशोदेशीच्या एटीएममधून काढली गेली.

यावर अंगठ्याचा इलाज सांगितला जातो. कार्डाची नक्कल होते, पिन कोणी पाहून घेतो. अंगठा मात्र ज्याचा त्याच्यापाशी राहतो. आधार क्रमांक आणि अंगठा यांवर आज गावातच पैसे मिळतात. ही सोय मोठी आहे, आम्ही ती नाकारत नाही.

परंतु नोंदणीच्या दस्तांवरील ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे बनवणारेही निघाले आहेत. पिन फुटला तर बदलता येतो. अंगठा बदलणार कसा? शिवाय रंगारी, विणकर, गवंडी यांच्या बोटांच्या रेषा कामानेच झिजतात. चोराचा बनावट अंगठा चालावा आणि कारागिराचा खरा अंगठा यंत्राने नाकारावा, हा कुठला न्याय?

म्हणून आमचे मत असे की, अंगठ्यासोबत पिनही असावा आणि रेषा झिजलेल्यांसाठी दुसरा मार्ग खुला असावा. बांधवांनी आपल्या आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद ठेवावे, गरजेपुरतेच उघडावे. फसवणूक झाल्यास लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० वर फोन करावा व बँकेत तीन दिवसांच्या आत लेखी तक्रार द्यावी.