पहिली केमो थकल्यावर

लिम्फोमा झालेल्या मांजराला पहिली केमो लागू पडेनाशी झाली की घरचे लोक थेट पुढच्या औषधाचं नाव विचारतात. मी आधी विचारतो, बायोप्सीत काय आलंय? पेशी लहान की मोठ्या? आतड्यातला लहान पेशींचा लिम्फोमा संथ. क्लोरॅम्ब्युसिल आणि प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांवर अशी मांजरं दोन-दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त काढतात. मोठ्या पेशींचा मात्र आडदांड. व्हिन्क्रिस्टिन, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन आणि स्टेरॉइड ही चौकडी त्याच्यापुढे हरली की खरी पंचाईत.

तशी पुढची यादी बरीच मोठी आहे: लोमस्टिन, मायटोझँट्रोन, एल-ॲस्परॅजिनेज, मेलफॅलन आणि सायटॅराबिन असलेली मिश्रणं, क्वचित पोटावर रेडिएशन. ती पाहून हुरळून जाऊ नये. दुसऱ्या फेरीचा गुण कमी मांजरांना येतो आणि आला तरी बहुधा काही आठवडे, फार तर काही महिने टिकतो.

माझं मत लोमस्टिनच्या बाजूने आहे. कॅन्सरच्या पेशी औषध बाहेर फेकणारा जो पंप वापरतात, तो व्हिन्क्रिस्टिन आणि डॉक्सोरुबिसिनला बाहेर काढतो. लोमस्टिन त्याच्या तावडीत सापडत नाही. शिवाय ते तोंडावाटे, तीन ते सहा आठवड्यांतून एकदाच द्यायचं असतं. दर आठवड्याला पिंजऱ्यात कोंबून, रिक्षात ओरडत, दवाखान्यातल्या कुत्र्यांसमोर बसवून नेण्यात मांजराचे किती दिवस वाया जातात, हे कुठल्याच प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं नसतं.

पण औषध साधं नाही. चार किलोच्या मांजराला साधारण दहा मिलिग्रॅम पुरतं आणि माणसांसाठीची कॅप्सूल चाळीसचीही येते. ती घरी फोडून चिमटीने भाग पाडायचे नाहीत. मात्रा डॉक्टरांनी बनवून घ्यायची, हातमोजे घालून द्यायची. पांढऱ्या पेशी नंतर घसरतात, कधी उशिरा. रक्ततपासणी झाल्याशिवाय पुढचा डोस नाही. आणि ‘आमच्या काकांना सिस्प्लॅटिनने बरं वाटलं’ म्हणणाऱ्या नातेवाइकाला तिथेच थांबवा. सिस्प्लॅटिनने मांजराच्या फुप्फुसात पाणी भरतं, ते दगावतं.

एक चीड मात्र मला आवरत नाही. उलट्या होणाऱ्या, वाळत चाललेल्या मांजराला बायोप्सीआधीच स्टेरॉइडचं इंजेक्शन ठोकून द्यायची सवय. चार दिवस ते जेवतं, सगळे खूश. मग निदान धूसर होतं आणि पेशी मात्र पुढच्या औषधांना दाद देईनाशा होऊ शकतात.

दुसरी फेरी नकोच, असं ठरवून प्रेडनिसोलोन, उलटीचं औषध आणि भुकेसाठी मिर्टाझापिन एवढ्यावर मांजराला ठेवणाऱ्यांना मी हार मानलेले समजत नाही. फेरी करायचीच असेल तर पहिल्या कॅप्सूलआधी डॉक्टरांसमोर बसून कागदावर लिहा: आपणहून खाणं, मातीच्या ट्रेपर्यंत जाणं, अंग चाटून स्वच्छ करणं. यातल्या दोन गोष्टी आठवडाभर बंद पडल्या, तर पुढची कॅप्सूल मागवायची नाही.