ल्युसीच्या डोक्यावरचे दिवे

‘आय लव्ह ल्युसी’ ही मालिका लावली की घरातले सगळे ल्युसील बॉलच्या उचापतींवर हसतात. माझं लक्ष मात्र प्रकाशाकडे जातं. १९५१ साली अमेरिकेतल्या बऱ्याच विनोदी मालिका न्यूयॉर्कहून थेट प्रसारित व्हायच्या आणि दूरच्या शहरांत पोचायची ती पडद्यावरून टिपलेली धूसर नक्कल. ल्युसील आणि तिचा नवरा देसी आर्नाझ यांना हॉलिवूड सोडायचं नव्हतं. मग ठरलं, नाटकासारखा प्रेक्षकांसमोर प्रयोग करायचा आणि तो एकाच वेळी तीन कॅमेऱ्यांनी फिल्मवर टिपायचा. पण जवळच्या आणि लांबच्या दृश्याला एकच प्रकाश पुरणार कसा? हा पेच सोडवला कार्ल फ्रॉइंडने, ‘मेट्रोपोलिस’ या चित्रपटाच्या छायालेखकांपैकी एकाने. त्याने दिवे वर टांगून सगळीकडे सारखा उजेड पाडला. खालची जमीन कॅमेऱ्यांच्या गाड्यांना मोकळी झाली. या माणसाचं नाव ल्युसीइतक्याच प्रेमाने घ्यायला हवं. फिल्मच्या जादा खर्चापायी नवराबायकोने मानधन कमी घेतलं, बदल्यात मालिकेची मालकी मागितली, आणि सीबीएस या वाहिनीने ती देऊन टाकली! पुनःप्रसारणाचा बाजार तेव्हा कुणाच्या गावीही नव्हता. काही वर्षांतच ते हक्क परत घ्यायला सीबीएसला लाखो डॉलर मोजावे लागले.