कचऱ्याचा बाजारभाव

चीनने २०१८ साली टाकाऊ प्लॅस्टिकची आयात थांबविली आणि जगभरचा भंगार-व्यापार हादरला. बारामती-इंदापूरच्या सुक्या कचऱ्याचा भावही असा दूर कुठेतरी ठरतो. दर कोसळला की भंगारवाला पातळ पिशव्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. ओल्या कचऱ्याचे गिऱ्हाईक मात्र वेशीबाहेरच उभे आहे. नीरा डाव्या कालव्याखाली अतिपाण्याने खारावलेल्या उसाच्या रानांना सेंद्रिय खत हवेच आहे. पण खतात काचा आणि ब्लेडची पाती निघाली, तर कोणता शेतकरी ते पसरील? ओला, सुका व घातक कचरा घरातच वेगळा करावा, असे २०१६च्या नियमांनी बजावले होते. सुशिक्षित घरेही (देवघर लखलखीत असलेली!) तेवढे करीत नाहीत. मग ते काम कचरावेचक स्त्रीच्या उघड्या हातांवर येते, आणि त्या हातांना दाम मिळतो तो भंगाराच्या पडत्या दराने.