‘फॉरमॅट मारावा लागेल, ताई!’

सोनगीर म्हटलं की आधी तांब्या-पितळेची भांडी आठवतात, मग मुंबई-आग्रा रस्ता नि किल्ला. पण आता अशा गावांतही कुणाच्या पुढच्या खोलीत संगणक दिसतो. लग्नपत्रिका, बचत गटाचे हिशेब, पोरांचे फॉर्म. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झालं आणि कितीतरी मुली-सुना कीबोर्डवर बसायला शिकल्या. मशीन आपलं, काम आपलं. मग ते बिघडलं की निर्णय मात्र दुरुस्तीवाल्याचा का?

तो येतो, दोन बटणं दाबतो आणि म्हणतो, ‘फॉरमॅट मारावा लागेल, ताई.’ आपण मान हलवतो. इथंच माझा आक्षेप आहे.

हल्ली एकाच संगणकावर दोन प्रणाली असलेली घरं वाढताहेत. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, नि बऱ्याच जुन्या मशीनवर विंडोज ११ बसत नाही. मग कॉलेजातला भाचा शेजारी लिनक्स टाकून देतो. पत्रिकेचे जुने फाँट विंडोजवर, इंटरनेटचं काम लिनक्सवर. सोय चांगलीच आहे. पण सुरुवातीला ‘कोणती प्रणाली हवी?’ असं विचारणारी यादी फार नाजूक असते. विंडोज पुन्हा टाकलं की ती बहुतेकदा गायब होते आणि लिनक्स असूनही नसल्यासारखं होतं. फोटो-फायली पेनड्राइव्हवर कॉपी केल्या होत्या म्हणून ती यादी परत येत नाही.

त्यासाठी अख्ख्या डिस्कची प्रतिमा घ्यावी लागते, म्हणजे दोन्ही प्रणाली, मधल्या भिंती, ती यादी, सगळं जसंच्या तसं. क्लोनझिला नावाचं तैवानमध्ये तयार झालेलं सॉफ्टवेअर हे फुकटात करतं. ते पेनड्राइव्हवरून सुरू होतं, म्हणजे मूळ प्रणाली त्या वेळी झोपलेली असते. ओळखीच्या डिस्कवर ते भरलेल्या जागेचीच प्रत घेतं आणि दाबून लहान करतं. लागेल ती बाहेरची एक हार्डडिस्क.

आधी विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा आणि मशीन पूर्ण बंद करा, नाहीतर प्रत अडते. बिटलॉकरचं कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. पडद्यावर इंग्रजी अक्षरं येतात, घाबरू नका. ‘सेव्हडिस्क’ म्हणजे साठवणं, ‘रिस्टोअरडिस्क’ म्हणजे परत ओतणं. या दुसऱ्याने समोरच्या डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून डिस्कचं नाव नि आकार दोनदा वाचा. तिथं घाई नको, दुधावर नजर ठेवतो तशी ठेवा. ‘प्रत तपासू का?’ असं विचारतं, तेव्हा हो म्हणा. परत ओतायची डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी हवी, हेही नवीन घेताना ध्यानात असू द्या.

‘एवढा खर्च कशाला?’ असं घरात कुणीतरी म्हणणारच. वर्षभराचे बिबडे, कुरडया, पापड उन्हाळ्यातच डबे भरून ठेवणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारावा, हेच नवल! ऐन लग्नसराईत मशीन बसलं तर पत्रिका कुठून काढायच्या? प्रत असेल तर दुरुस्तीवाल्याला म्हणता येतं, ‘फॉरमॅट राहू दे भाऊ, डिस्क बदल आणि ही ओत.’

रोजच्या फायली मात्र रोजच वेगळ्या ठेवा. महिन्यापूर्वीची प्रतिमा महिन्यापूर्वीचंच परत देते. प्रत झाली की डिस्क काढून घ्या, जोडलेली ठेवू नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय आलं, तेव्हा अशा विषाणूंपासून जोडलेल्या डिस्कही सुटत नाहीत हे सगळ्यांना कळलं. दुसरी एक प्रत आखाजीला माहेरी जाताना आईच्या कपाटात ठेवून आलात तरी चालेल. त्यात गिऱ्हाइकांची आधार कार्डं असतील, तर ते कपाट कुलपाचं हवं.