जुना रंग खरवडताना

गेल्या महिन्यात पंचविशीतला एक तरुण तिसऱ्यांदा दवाखान्यात आला. पोटात कळा, बद्धकोष्ठ, थकवा. आधी दोनदा मी आम्लपित्त समजून गोळ्या दिल्या होत्या. या वेळी विचारले, "काम काय करतोस?"

"डॉक्टरसाहेब, गॅरेजात जुन्या जीपा घासतो."

हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. रक्तात शिशाचे प्रमाण वाढलेले निघाले.

जुन्या गाड्यांच्या रंगात, विशेषतः पिवळ्या-लाल रंगात, शिशाची संयुगे असत. आपला शेंदूर हेही शिशाचेच संयुग. रंग पत्र्यावर घट्ट आहे तोवर फारसा त्रास नाही. पण कोरडा पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर फिरवला की त्याची बारीक धूळ होते. ती श्वासातून आत जाते, न धुतलेल्या हाताने वडापाव खाल्ला की पोटातही जाते. तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही. कामाच्या कपड्यांवरून ती घरी पोचते आणि लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. केंद्र सरकारने २०१६ साली शिशावर मर्यादा घालणारे नियम केले, तेही घरगुती व सजावटीच्या रंगांपुरतेच.

रंग सोडवण्याच्या द्रवाची तऱ्हा वेगळी. काही द्रवांत मिथिलीन क्लोराइड असते. त्याची वाफ शरीरात गेली की तिथे कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. शटर ओढून काम केले तर चक्कर, बेशुद्धी, प्रसंगी मृत्यूही. धुळीचा मास्क ही वाफ रोखत नाही. हे काम उघड्या हवेतच करावे.

माझे स्पष्ट मत आहे की, दोष एकट्या कारागिराचा नाही. "उद्याच गाडी हवी" असा तगादा आपणच लावतो. पाण्याने घासायला वेळ लागतो, म्हणून कोरडे घासले जाते. वाचकहो, गाडी रंगवायला टाकताना सांगा, "ग्राइंडर नको, पाणी मारून वॉटर पेपरने घासा." एखादा दिवस जास्त लागेल, चार पैसे जास्त पडतील. गॅरेजमालकांनी चांगला मास्क, हातमोजे, साबण आणि कपडे बदलायला आडोसा द्यावा. शाळकरी पोरांना या कामाला मुळीच लावू नये.

त्या तरुणाला मी घासकामातून बाजूला व्हायला सांगितले आहे. त्याला तीन वर्षांची मुलगी आहे. बाप घरी आला की ती धावत येऊन त्याच कपड्यांना बिलगते. तिचेही रक्त तपासायला पाठवले आहे.